जाण्याआधी पाहायला शिकू या



ऑक्टोबर महिना आला की आपल्या आळीआळीत क्रूसापुढे मेणबत्त्या पेटतात, घरोघरी रोझरीचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि महिन्याच्या शेवटून दुसऱ्या रविवारी आपण मिशन रविवार साजरा करतो. पोप अकरावे पायस ह्यांनी १९२६ साली हा दिवस जगभरच्या ख्रिस्तसभेसाठी नेमून दिला. त्या दिवशी आपण मिशनकार्यासाठी प्रार्थना करतो, दान देतो आणि दूरवर काम करणाऱ्या फादर-सिस्टरांची आठवण काढतो. यंदा आपला धर्मग्राम त्यापुढे एक पाऊल टाकीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत आपल्यातील काही तरुण-तरुणी व काही प्रौढ मंडळी जव्हार-मोखाड्याकडील पाड्यांवर आठ दिवस राहून येणार आहेत. मुलांचा अभ्यास घेणे, आजारी माणसांना भेटणे, भातकापणीला हात लावणे, संध्याकाळी अंगणात बसून लोकांचे ऐकणे असा साधा कार्यक्रम आहे.

तयारी चांगली चालू आहे. चादरी, वह्या, औषधे जमा होत आहेत. कोणी कोणते सामान उचलायचे ह्याची यादी झाली आहे. पण तयारीच्या बैठकांमध्ये एक प्रश्न आमच्यासमोर पुन्हा पुन्हा येत राहिला. तोच आज आपणा सर्वांपुढे ठेवावासा वाटतो. ज्या देवाचे प्रेम घेऊन आपण इतक्या दूर जाणार आहोत, तो देव आपल्याला आपल्या घरात, वाडीत, रोजच्या गाडीत दिसतो का?

आधी सहवास, मग पाठवणी

संत मार्क आपल्या शुभवर्तमानात (३:१४) बारा प्रेषितांच्या निवडीविषयी सांगतो. प्रभू येशूने त्यांना दोन कारणांसाठी निवडले. पहिले कारण, त्यांनी त्याच्याबरोबर राहावे. दुसरे कारण, त्याने त्यांना घोषणा करण्यासाठी पाठवावे. हा क्रम आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे. प्रभूबरोबर राहणे आधी, पाठवणी नंतर. जो प्रभूबरोबर राहायला शिकला नाही, तो मिशनवर जाऊन कुणाविषयी सांगणार?

स्वतः प्रभूनेही हाच क्रम पाळला. संत लूकच्या म्हणण्याप्रमाणे (३:२३) कार्याला आरंभ केला तेव्हा येशू सुमारे तीस वर्षांचा होता. म्हणजे नाझरेथच्या घरातली एवढी वर्षे आणि जाहीर कार्याची जेमतेम तीन वर्षे. नाझरेथमध्ये तो काय करीत होता, ह्याविषयी शुभवर्तमाने फारसे सांगत नाहीत. पण त्याचे दाखले मन लावून वाचले की थोडे कळते. पिठात खमीर मिसळणारी बाई, हरवलेल्या नाण्यासाठी दिवा लावून घर झाडणारी बाई, जुन्या कपड्याला लावलेले ठिगळ, पेरणाऱ्याच्या हातून वाटेवर पडलेले बी, बाजारात खेळता खेळता रुसलेली मुले, कुणी कामाला बोलावील म्हणून दिवस मावळेपर्यंत उभे असलेले मजूर. हे सारे येशूने कुठे पाहिले असेल? आपल्या आईच्या स्वयंपाकघरात, आपल्या गावाच्या रस्त्यावर. गावातल्या इतर लोकांनीही तेच पाहिले होते. येशूला मात्र त्यात पित्याचे राज्य दिसले. पुढे लोकसमुदायापुढे उभा राहिला तेव्हा सांगण्यासाठी त्याला वेगळे काही शोधावे लागले नाही. मिशनकार्याची तयारी म्हणतात ती हीच.

देव आधीच पोचलेला असतो

संत लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभू बहात्तर शिष्यांना दोघादोघांनी पुढे पाठवतो. पैशांची पिशवी, झोळी, वहाणा काहीही बरोबर घेऊ नका असे त्यांना बजावतो. आपल्या यादीतले सामान पाहून ही आज्ञा थोडी अवघड वाटते! औषधे न्यायलाच हवीत, त्याबद्दल वाद नाही. पण रिकाम्या हातांनी जाणाऱ्याला एक गोष्ट आपोआप शिकायला मिळते. त्याला दुसऱ्याच्या दारात थांबावे लागते, समोर येईल ते खावे लागते. तो देणारा म्हणून जातो आणि घेणारा होतो.

प्रेषितांची कृत्ये ह्या पुस्तकात हेच दिसते. संत पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी जातो (अध्याय १०). त्याला वाटते, आपण ह्या परक्या घरी देवाला घेऊन चाललो आहोत. तिथे पोचल्यावर कळते की कर्नेल्याच्या प्रार्थना आणि दानधर्म देवापर्यंत आधीच पोचले आहेत. पेत्राचे बोलणे पुरे होण्याआधीच पवित्र आत्मा त्या घरातल्यांवर उतरतो. संत पौल अथेन्समध्ये गेला (अध्याय १७) तेव्हा अज्ञात देवाला वाहिलेली एक वेदी त्याने पाहिली आणि तिथूनच आपल्या बोलण्याला सुरुवात केली. देव कुणापासूनही दूर नाही, असे त्याने तिथल्या लोकांना सांगितले.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी मिशनकार्यावरचा आपला जाहीरनामा प्रसिद्ध केला. लोकांच्या परंपरांमध्ये दडलेली देवशब्दाची बीजे आनंदाने व आदराने शोधा, असे त्यात ख्रिस्ती माणसाला सांगितले आहे. कुणालाही जबरदस्तीने वा आमिष दाखवून श्रद्धेकडे ओढू नये, अशी सक्त मनाईही त्याच जाहीरनाम्यात आहे. आपल्या मंडळींनी ही दोन्ही वाक्ये मनात पक्की करूनच बसमध्ये चढावे.

वारली बांधवांच्या घरी नवे भात येते तेव्हा ते आधी देवापुढे ठेवतात, मगच तोंडात घालतात. आपण सप्टेंबर महिन्यात पवित्र मारियेच्या जन्मोत्सवाला नव्या पिकाची कणसे वेदीवर आणतो, ती ह्याच भावनेने ना? ज्याने पाऊस दिला त्याचा वाटा पहिला, हे त्या पाड्यावरच्या आजीला कुणी शिकवले? आपल्या आधी तिथे कोणी तरी पोचलेला आहे. त्याला ओळखता यावे, म्हणून डोळ्यांची तयारी हवी.

आणि ही तयारी पाड्यावर गेल्यावर करायची म्हटले तर उशीर होईल. आठ दिवस पाहता पाहता संपतात. ज्याच्या डोळ्यांना घरी सवय नाही, त्याला तिथे गरिबी दिसेल, पडकी घरे दिसतील, आपण वाटलेल्या वस्तू दिसतील. तो फोटो काढील, हळहळेल आणि परत येईल. त्याला देव भेटणार नाही, आणि त्या लोकांनाही त्याच्यात एक दाता तेवढा भेटेल.

नाक्यावरची माणसे

पाडे दूर आहेत, पण पाड्यांवरची माणसे दूर नाहीत. भातकापणी आटोपली, दिवाळी सरली की त्या भागातली कितीतरी कुटुंबे पोटासाठी घर सोडतात. मुकादमाकडून उचल घेतात आणि वसई, भिवंडी, कल्याणच्या बाजूला वीटभट्ट्यांवर येतात. नवरा-बायको विटा थापतात, मोठी मुलगी धाकट्याला सांभाळते, शाळा मागे राहते. पावसाळा तोंडावर आला की पुन्हा गावी जातात. काही जण आपल्या वाड्यांत कामाला येतात, काही सकाळी नाक्यावर उभे असतात. आपण मिस्साहून परतताना किंवा स्टेशनकडे जाताना त्यांच्या बाजूने जातो.

आपल्या नव्या घरांच्या भिंतींना त्यांचे हात लागलेले आहेत. वसई-विरारच्या नळांना पाणी येते ते सूर्या नदीवरच्या धामणी धरणातून, म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या आदिवासी पट्ट्यातूनच. आणि पावसाळ्यात धो धो पाऊस झेलणाऱ्या मोखाड्यात उन्हाळ्यात विहिरी आटतात, बाया हंडे घेऊन दूरवर चालतात. रोज सकाळी नळ सोडताना हे आपल्या मनात आले तर तो नळसुद्धा आपल्याशी बोलू लागेल.

प्रभूच्या दाखल्यातले मजूर (मत्तय २०) असेच बाजारात उभे होते. धनी पहाटे गेला, नऊला गेला, दुपारी गेला आणि दिवस मावळायला तासभर उरला तेव्हाही गेला. तुम्ही दिवसभर इथे का उभे आहात, असे त्याने त्यांना विचारले. त्याआधी त्यांना हा प्रश्न कुणी विचारला असेल का? आठ दिवसांसाठी पाड्यावर जाऊन आपण म्हणणार, तुम्ही आमचे भाऊ, तुम्ही आमच्या बहिणी. पण त्याच भावाला आपण नाक्यावर नाव विचारले नसेल, तर आपल्या शब्दाला वजन कुठून येणार?

एक वही, रोज एक ओळ

ह्या सर्व विचारांतून आम्ही तयारीच्या गटाला एक छोटासा अभ्यास दिला. प्रत्येकाने एक वही करावी आणि रात्री झोपण्याआधी एकच ओळ लिहावी. आज देव मला कुठे भेटला? मोठे काही लिहायचे नाही, बायबलचे वचन उतरवायचे नाही. जे घडले तेवढेच. ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या काही ओळी नाव न देता इथे सांगतो.

कॉलेजला जाणाऱ्या एका मुलीने लिहिले की विरार गाडीच्या गर्दीत एका अनोळखी मावशीने तिची जड बॅग न विचारता आपल्या मांडीवर घेतली आणि दादरपर्यंत सांभाळली. एका फुलवाल्या शेतकऱ्याने लिहिले की तो पहाटे फुले घेऊन दादरला गेला असताना शेजारच्या भावकीतल्या माणसाने त्याच्याही मोगऱ्याला पाणी सोडले. त्या दोघांचे दोन वर्षे बोलणे नव्हते. आमच्या एका शिक्षिका बाईंनी लिहिले की वर्गातल्या सर्वांत खोडकर मुलाने आपला अर्धा डबा दुसऱ्याला दिला आणि कुणाला कळू नये म्हणून तोंड फिरवून बसला.

एका तरुणाच्या वहीत मात्र लागोपाठ तीन रात्री एकच वाक्य होते: आज काही दिसले नाही. त्याच्या वडिलांना आठवड्यातून तीनदा डायलिसिससाठी न्यावे लागते. नोकरी, दवाखाना आणि घर ह्यांत तो पार थकून गेला आहे. चौथ्या रात्री त्याने लिहिले की सुई टोचताना नर्स बाई बाबांना म्हणाल्या, "काका, झालं हं, झालं." त्या दर वेळी हेच म्हणतात, आज ते त्याला ऐकू आले.

बैठकीत ही ओळ वाचली तेव्हा थोडा वेळ कुणी बोलले नाही. एलिया संदेष्ट्याची आठवण झाली (१ राजे १९). तोही असाच थकलेला होता. सोसाट्याचा वारा आला, भूकंप झाला, अग्नी आला, पण त्यांत परमेश्वर नव्हता. मग अगदी मंद असा आवाज आला आणि एलियाने आपला चेहरा झाकून घेतला. त्या तरुणाच्या पहिल्या तीन ओळीही खोट्या नव्हत्या. देव दिसत नाही असे प्रामाणिकपणे लिहिणारा माणूसही देवालाच शोधत असतो. वही बंद न करणे एवढेच आपल्या हातात आहे.

आपल्या मातीतला मिशनरी

मिशनची तयारी रोजच्या आयुष्यात कशी होते हे पाहायचे तर आपल्याच वसईच्या संत गोन्सालो गार्सिया ह्यांच्याकडे पाहावे. तरुण वयात ते येशूसंघीय फादरांबरोबर जपानला गेले. तिथे जपानी भाषा शिकले, धर्मशिक्षणाच्या कामात मदत करू लागले. येशूसंघात प्रवेश मिळावा अशी त्यांची मनापासून इच्छा होती, पण ती पुरी झाली नाही. मग ते व्यापारात शिरले आणि त्यात चांगले नावारूपाला आले. वरवर पाहणाऱ्याला वाटले असेल की हा मिशनचा माणूस आता बाजारात हरवला. पुढे मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर झाले. १५९३ साली संत पीटर बाप्टिस्ट ह्यांच्या शिष्टमंडळाला जपानच्या सत्ताधीशापुढे बोलण्यासाठी दुभाष्या हवा होता. तेव्हा कोण उपयोगी पडले? जपानी माणसांत वावरलेले, त्यांची भाषा, त्यांचा व्यवहार जाणणारे ब्रदर गोन्सालो. नकाराची वर्षे, दुकानदारीची वर्षे, भाषा शिकण्याचे कष्ट, काही वाया गेले नव्हते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सोबत्यांसह ते क्रूसावर हुतात्मा झाले आणि ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस ह्यांनी त्यांना संतपद दिले.

आपल्यापैकी कुणी दुकान चालवतो, कुणी बँकेत आहे, कुणी रिक्षा चालवतो. ह्यातले कोणते काम देव उद्या कशासाठी वापरील, हे आज आपल्याला सांगता येणार नाही.

जे जाऊ शकत नाहीत

ह्या गटात नाव दिलेल्या एका भगिनीला ते मागे घ्यावे लागले. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांना भरवणे, पुसून घेणे, कुशीवर वळवणे हे सर्व तिच्याकडे आले. ती बैठकीला येऊन म्हणाली, "फादर, माझं मिशन राहिलं." त्या वेळी आम्हाला लिझ्यूच्या संत तेरेसा आठवल्या. पंधराव्या वर्षी, १८८८ साली त्या कार्मेल मठात गेल्या आणि ३० सप्टेंबर १८९७ रोजी चोविसाव्या वर्षी तिथेच मरण पावल्या. मिशनच्या भूमीवर त्यांनी पाऊल ठेवले नाही. तरीही १९२७ साली ख्रिस्तसभेने त्यांना संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्याबरोबरीने मिशनकार्याच्या आश्रयदात्या म्हणून घोषित केले. एकाने समुद्र ओलांडले, दुसरीने मठाची भिंतही ओलांडली नाही, आणि दोघांचा मान सारखा!

क्षयाने खंगलेल्या असताना डॉक्टरी सल्ल्याप्रमाणे थोडे चालावे म्हणून त्या बागेत पावले टाकीत होत्या. इतका त्रास होतो तर थांबा, असे त्यांना सांगितले गेले. तेव्हा त्यांनी उत्तर दिले की दूर कुठे तरी एखादा मिशनरी थकला असेल, त्याच्यासाठी मी चालते आहे. चीनला गेलेल्या एका धर्मगुरूला आणि आफ्रिकेची तयारी करणाऱ्या एका गुरुविद्यार्थ्याला त्या पत्रे लिहीत, त्यांच्यासाठी आपली दुखणी अर्पण करीत.

त्या भगिनीचे नाव आम्ही यादीतून काढलेले नाही. जाणाऱ्या सर्वांची नावे एका कागदावर लिहून तिने ती स्वयंपाकघरात लावली आहेत. सासूबाईंना भरवताना दर घासाला एक नाव, असे तिने ठरवले आहे. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभू म्हणतो तसे, भुकेल्याला भरवणारीला तो त्या खाटेवरच भेटत असेल. पाड्यावर जाणाऱ्यांना ह्याहून मोठे मिशन मिळेल असे वाटत नाही.

आता आपण काय करावे?

मिशन रविवारपर्यंत प्रत्येक कुटुंबाने तीन गोष्टी कराव्यात अशी आमची विनंती आहे.

पहिली, संध्याकाळची रोझरी संपल्यावर लगेच टीव्ही लावू नये. पाच मिनिटे सर्वांनी बसावे आणि प्रत्येकाने, लहान मुलांनीसुद्धा, आज देव कुठे भेटला ते एका वाक्यात सांगावे. संत इग्नेशियस लोयोला आपल्या सोबत्यांना दिवसाचे असे परीक्षण रोज करायला सांगत. कुणाला काही सुचले नाही तर हसू नये, रागावू नये. उद्या सुचेल.

दुसरी, रोज दिसणारे पण नाव माहीत नसलेले एक माणूस निवडावे. नाक्यावरचा मजूर असेल, कचरा नेणारी ताई असेल, इमारतीचा रखवालदार असेल. ह्या आठवड्यात त्याचे नाव विचारावे, गाव विचारावे आणि त्या नावाने त्याच्यासाठी प्रार्थना करावी.

तिसरी, घरात किंवा शेजारी कुणी अंथरुणाला खिळलेले असेल तर मिशनगटातील मंडळींसाठी त्यांची प्रार्थना मागावी. त्यांना म्हणावे, आम्हाला तुमची मदत हवी आहे. हे ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटते ते पाहावे आणि तेही वहीत लिहावे.

मिशन रविवारी अर्पणाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारसाबरोबर ह्या वह्याही वेदीजवळ आणल्या जातील. भाकर म्हणजे रोजचा गहू आणि रोजचे कष्ट. त्याच भाकरीत प्रभू आपल्याकडे येतो. इतक्या साध्या गोष्टीत येणारा देव आपल्या घरात, वाडीत, गाडीत आला नाही असे होईल का?

शेवटी आपण मिळून प्रार्थना करू या:

हे प्रभू येशू, नाझरेथच्या घरात तू पाहायला शिकलास, तसे आम्हालाही शिकव. आमच्या चुलीजवळ, आमच्या शेतात, आमच्या गाडीत आणि आमच्या आजाऱ्यांच्या खाटेजवळ तुला ओळखण्याची दृष्टी दे. जे जाणार आहेत त्यांच्यापुढे तू चाल, आणि पाड्यावर आमच्या आधी पोचलेल्या तुला पाहून आमचे डोके नम्र होऊ दे. जे घरी राहणार आहेत त्यांच्या कष्टांना तुझ्या मिशनकार्यात जागा दे. ज्यांना आज काही दिसत नाही त्यांच्याजवळ तू शांतपणे बसून राहा. संत गोन्सालो, संत फ्रान्सिस झेवियर, संत तेरेसा, आमच्यासाठी विनंती करा. आमेन.